नवी गाडी फायनान्सवर काढायची का जुनी घ्यायची? सोलापूरच्या गाडीवाल्यासाठी सगळा हिशोब

माझा मावसभाऊ वळसंगचा. दहा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून काढली, आता स्वतःची दहा टायर, म्हणजे दहा चाकी ट्रक, घ्यायची म्हणून सहा लाख साठवलेत. मागच्या दिवाळीत घरी आला तेव्हा हातात शोरूमचं कोटेशन होतं आणि म्हणत होता, दादा, सहा लाख भरले की नवी कोरी गाडी दारात, बाकी सगळं फायनान्सवाला बघतोय. मी विचारलं, महिन्याला किती किलोमीटर चालणार? त्याला सांगता येईना. तिथून आम्ही दोघं वही घेऊन बसलो, तो हिशोब पूर्ण व्हायला जवळजवळ दोन महिने लागले, आणि तोच इथं सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडं बहुतेक पोरं डाउन पेमेंट किती लागतंय एवढं बघूनच गाडी ठरवतात आणि तिथंच फसतात. डाउन पेमेंट हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की गाडी महिन्याला किती किलोमीटर पळणार आणि वर्षातले किती महिने पळणार.

आधी माल ठरवा, मग गाडी

सोलापूरला गाडीवाल्याला कामाची कमी नाही असं बाहेरून वाटतं. पुणे-हैदराबादचा ६५ नंबरचा हायवे, तुळजापूर-विजापूरचा ५२ नंबरचा, सांगली-कोल्हापूरकडं जाणारा १६६, सगळे इथून जातात. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, मार्केट यार्डात कांदा, होटगीकडं सिमेंट, फताटेवाडीला एनटीपीसी, एमआयडीसीत चादर-टॉवेल, सांगोला-पंढरपूरकडून डाळिंब. पण यातला प्रत्येक माल वेगळी गाडी मागतो आणि वेगळ्या महिन्यात येतो, हे लक्षात घ्या.

ऊस आणि साखर म्हणाल तर हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चला संपतो. उसाची वाहतूक म्हणजे शेतातल्या चाकोरीतून गाडी काढायची, कारखान्याच्या नंबरात रात्र रात्र उभं राहायचं, किलोमीटर कमी आणि गाडीची झीज जास्त. यासाठी नवी ३८ लाखाची गाडी घालणं मला तरी पटत नाही. कांद्याचाही जोर मार्केट यार्डात हिवाळ्यातच असतो. पावसाळ्यात सिमेंट मंदावतं कारण बांधकामं थांबतात. म्हणजे बघा, जुलै ते सप्टेंबर आपल्याकडं सगळं एकदमच ढिलं पडतं, एक माल पडला तर दुसरा सांभाळून घेईल असं होत नाही, आणि हप्ता मात्र बाराही महिने त्याच तारखेला कापला जातो.

उलट एखाद्या कंपनीशी किंवा मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याशी बारमाही काम बांधलेलं असेल, जातानाचंही भाडं आणि येतानाचंही भाडं, तर नव्या गाडीचा विचार जरूर करा. काही कंपन्या ठराविक वर्षांपेक्षा जुनी गाडी गेटच्या आत घेतच नाहीत, तिथं जुनीचा पर्यायच नसतो. पण काम "मिळेल" आणि काम "लागलंय" यात फरक आहे. ट्रान्सपोर्टवाला चहा पाजून म्हणाला की गाडी आणा, काम देतो, तर त्याच्याकडं आधीच लागलेल्या दोन-तीन गाडीवाल्यांना गाठून विचारा की महिन्याला किती ट्रिपा मिळतात, भाड्याचं बॅलन्स, म्हणजे राहिलेले पैसे, माल पोचल्याची पावती दिल्यावर किती दिवसांनी येतं. बॅलन्स ४५ दिवसांनी येत असेल तर दीड महिन्याचं डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि हप्ता तुमच्या खिशातून जाणार, ती रक्कम आधीच बाजूला हवी.

मावसभावाला मी मागच्या तीन महिन्यांच्या ट्रिपा लिहायला सांगितल्या, ज्या गाडीवर तो ड्रायव्हर होता तिच्याच. तारीख, कुठून कुठं, भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, डिझेल, भाडं, उभी राहिलेले दिवस. तो म्हणायचा आठ हजार तरी चालतेच की. वहीत महिन्याला निघाले ५,४०० आणि त्यातले हजारभर रिकामे. अंदाज आणि वही यात एवढा फरक पडतो म्हणून ही पायरी टाळू नका.

आता आकड्यांचा हिशोब, एकदा शांतपणे

खालचे आकडे हिशोब समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या कोटेशनचे घाला, रीत तीच राहील.

नवी दहा टायर, २८ टन पासिंगची, म्हणजे मालासकट २८ टन वजनाची, बॉडी, आरटीओ, इन्शुरन्स सगळं धरून ३८ लाख. त्यात स्वतःचे ६ लाख, कर्ज ३२ लाख, साडेदहा टक्के, ६० महिने. हप्ता येतो ६८,८०० च्या आसपास. पाच वर्षांत व्याज जातं सव्वानऊ लाख.

तीच गाडी पाच-सहा वर्षं जुनी, १५ लाखाला. स्वतःचे ५ लाख, कर्ज १० लाख. जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं, १५ टक्के धरू, ३६ महिने. हप्ता ३४,७०० च्या आसपास, व्याज अडीच लाखाला थोडं कमी.

शोरूमवाला इथं हमखास एक मुद्दा काढतो की नव्या गाडीची रिसेल व्हॅल्यू राहते. ठीक आहे, तेही धरू. पाच वर्षांनी नवी गाडी १६ लाखाला विकली, म्हणजे किमतीत २२ लाख गेले, अधिक व्याज सव्वानऊ, झाले सव्वाएकतीस लाख. जुनी पाच वर्षांनी ५ लाखाला विकली, गेले १०, अधिक व्याज अडीच, झाले साडेबारा. फरक पावणेएकोणीस लाख, ६० महिन्यांनी भागला तर महिन्याला ३१ हजारांच्या वर. नव्या गाडीची किंमत जास्त म्हणून इन्शुरन्सही जास्त, त्याचे महिन्याला तीनेक हजार धरा. म्हणजे नवी गाडी महिन्याला ३४ हजारांनी महाग पडते. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा हप्ता गाडी जुनी म्हणून कमी होत नाही बरं का, तो गाडीच्या वजनावर असतो, २०२२ मध्ये ठरलेल्या दरात २० ते ४० टनाच्या गाडीला ४३,९५० रुपये होता, नव्यालाही तोच आणि दहा वर्षं जुन्यालाही तोच. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात.

हे ३४ हजार नवी गाडी परत कुठून मिळवून देणार? डिझेल आणि मेंटेनन्समधून. जुनीचं ॲव्हरेज ४ आणि नवीचं साडेचार धरा, डिझेल ९० रुपये धरा, तर किलोमीटरमागं अडीच रुपये वाचतात. पण बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमाच्या, गाडीत धूर स्वच्छ करायला युरिया, म्हणजे डीईएफ, घालावं लागतं, डिझेलच्या साधारण ५ टक्के धरलं तर ६५-७० पैसे किलोमीटरला तिकडं जातात. राहिले एक रुपया ८५ पैसे. मेंटेनन्सला जुनी किलोमीटरमागं दोन रुपये जास्त खाते असं धरू. एकूण वाचले ३ रुपये ८५ पैसे. ३४ हजाराला ३.८५ ने भागा, येतात ८,८०० किलोमीटरच्या पुढं. जुनी गाडी महिन्यात दोन दिवस जास्त उभी राहते, त्या दोन दिवसांची कमाई सात हजार बुडते असंही धरलं तर राहिलेल्या २७ हजारांना भागून येतात सात हजार.

म्हणजे महिन्याला सात हजारांच्या खाली चालणाऱ्या गाडीला नवी परवडत नाही, नऊ हजारांच्या वर चालणाऱ्याला नवीच घ्यावी लागते, आणि मधल्या पट्ट्यात ड्रायव्हर कोण, मिस्त्री कोण, रस्ता कोणता यावर ठरतं. सोलापूर-हैदराबाद जाऊन-येऊन ६१०-६२० किलोमीटर होतात. लोडिंग, अनलोडिंग, रिटर्न भाड्याची वाट धरून एका फेरीला दोन दिवस लागले तर २६ दिवसांत १३ फेऱ्या, म्हणजे आठ हजार. एकाही दिवशी गाडी रिकामी उभी न राहता आठ हजार! या लाइनवर एका ड्रायव्हरनं नवी गाडी फेडणं किती ओढाताणीचं आहे ते यावरून दिसतं. बेंगळुरू-चेन्नईकडं लांब पल्ल्याला दोन ड्रायव्हर लावून चालवणाऱ्याचं गणित वेगळं, तो दहा हजार सहज ओढतो.

आणि हा झाला खर्चाचा हिशोब, कॅशचा हिशोब वेगळा करायचा. वहीत जुलै-ऑगस्टचे दोन महिने काढा, सगळा खर्च जाऊन हातात काय उरलं ते बघा. तेवढ्यातून ६८,८०० निघत नसतील तर ते पैसे बँकेत आधीच पडलेले पाहिजेत. मी बघितलेल्या, फायनान्सवाल्यानं ओढून नेलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच पावसाळ्यानंतरच्या, तीन हप्ते थकलेल्या, आणि दिवाळीला काम सुरू व्हायच्या तोंडावर गेलेल्या.

फायनान्सचं कोटेशन कसं वाचायचं

"सात टक्क्यांनी देतो मालक" असं कुणी म्हणालं की आधी विचारा फ्लॅट का रिड्युसिंग, म्हणजे व्याज पूर्ण कर्जावर का उरलेल्या मुद्दलावर. दहा लाख कर्ज, सात टक्के फ्लॅट, पाच वर्षं, व्याज साडेतीन लाख, हप्ता २२,५००. हाच हप्ता रिड्युसिंगच्या हिशोबात साडेबारा टक्क्यांचा असतो, कारण फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या मुद्दलावरसुद्धा शेवटपर्यंत व्याज लागत राहतं. बँक साडेदहा म्हणत असेल आणि प्रायव्हेट फायनान्सवाला सात म्हणत असेल तर बँक स्वस्त आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्यानं की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यायलाच लागतो, त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, सगळे चार्जेस धरून वर्षाला खरा किती टक्के पडतो तो. दोन-तीन ठिकाणचे एपीआर शेजारी शेजारी ठेवा, बाकीची बडबड ऐकायची गरज नाही. त्याशिवाय हे विचारून लिहून घ्या: बॉडीचं कर्ज यातच आहे का वेगळं, कर्जाबरोबर घुसवलेला जीवन विमा किती रुपयांचा, मुदतीआधी फेडलं तर फोरक्लोजर किती टक्के, हप्ता चुकला तर दंड कसा लागतो, आणि हप्त्याची तारीख बदलून मिळेल का. तारीख लहान गोष्ट वाटते, पण तुमचा ट्रान्सपोर्टवाला दहा तारखेला पेमेंट करत असेल आणि हप्ता पाचला असेल तर दर महिन्याला चेक बाऊन्सची धाकधूक.

मराठा समाजातल्या पोरांनी अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याची चौकशी करावी, पण पात्रता प्रमाणपत्र कर्ज घ्यायच्या आधी काढायचं असतं, गाडी दारात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

जामीनदाराबद्दल एकच सांगतो. वडिलांना किंवा सासऱ्यांना सही करायला लावताना जमिनीचा उतारा कशासाठी घेतायत ते त्यांना समजेल असं वाचून दाखवा. सही करणाऱ्या माणसाला निदान तेवढं कळलंच पाहिजे.

टॅक्सचंही बोलून घेऊ. नव्या गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळं नव्या गाड्या उतरल्या. जुनी घेताना याचा उपयोग करा, विकणारा अजून जुन्या शोरूम किमतीच्या हिशोबानं भाव सांगत असेल तर नव्याचं आजचं कोटेशन त्याच्यासमोर ठेवा. दुसरं, "नवी घ्या, घसारा मिळतो, टॅक्स वाचतो" असं जे सांगतात ते एक-दोन गाड्यांच्या मालकाला बहुतेक वेळा लागूच होत नाही. आपण दहा गाड्यांच्या आतले लोक अंदाजी उत्पन्नाच्या सोयीत, ज्याला सगळे ४४एई म्हणतात, त्यात रिटर्न भरतो. त्यात १२ टनाच्या वरच्या गाडीला टनामागं महिन्याला हजार रुपये उत्पन्न धरलं जातं, २८ टनाला महिना २८ हजार, गाडी नवी असो का जुनी. घसारा आणि व्याज त्यात वेगळं मिळत नाही. त्यामुळं टॅक्ससाठी म्हणून नवी घेऊ नका, सीएला तुमच्या केसचं एकदा विचारा.

जुनी घ्यायची तर किती जुनी

नव्या गाडीला पहिली दोन वर्षं फिटनेसची, म्हणजे आरटीओच्या तपासणीची, चिंता नाही. मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी ही तपासणी करावी लागते, आणि गाडीचं वय वाढेल तशी फीसुद्धा चढत जाते. आपण तर सीमेवरची माणसं, इकडं कर्नाटक तिकडं तेलंगणा, नॅशनल परमिटशिवाय गाडी हलत नाही. ते परमिट दहा टायरसारख्या मल्टी-ॲक्सल गाडीला १५ वर्षांपर्यंत आणि सहा टायरसारख्या दोन ॲक्सलच्या गाडीला १२ वर्षांपर्यंतच मिळतं. म्हणून दहा वर्षांची सहा टायर स्वस्तात मिळाली म्हणून घेतली तर दोन वर्षांनी ती राज्याच्या बाहेर काढता येणार नाही.

बीएस-४ घ्यायची का बीएस-६? १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या गाड्या बीएस-६. बीएस-४ चं सुख असं की उमरग्याच्या पुढं रस्त्यावर बंद पडली तरी टपरीवरचा मिस्त्री हात घालू शकतो. बीएस-६ ला लॅपटॉप लावायला लागतो, युरियाच्या सिस्टिममधला सेन्सर गेला की खर्च मोठा आणि गाडीची ताकद आपोआप कमी होते. पण डाळिंब घेऊन दिल्लीला जाणारे असाल तर बीएस-४ चा नाद सोडा. १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथं दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याआधीच्या मालगाड्या बंद केल्या आणि बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच मुदत दिली. जुनी बीएस-६ घेताना युरियाची सिस्टिम बायपास केलेली नाही ना, हे स्कॅनर लावूनच बघा. बायपास बेकायदेशीर तर आहेच, वर ती परत चालू करायचा खर्च तुमच्या गळ्यात येतो.

माझं मत विचाराल तर चार ते सहा वर्षांची, एका मालकाची, बारमाही लाइनवर चाललेली गाडी सगळ्यात बरी. लाइनवरच्या गाडीचे किलोमीटर जास्त दिसतात म्हणून लोक घाबरतात आणि उसावर किंवा वाळूवर चाललेली कमी किलोमीटरची घेतात. हे उलटं आहे. हायवेवरचे चार लाख किलोमीटर गाडीला जेवढं थकवत नाहीत तेवढं भीमेच्या पात्रातून ओव्हरलोड वाळू काढलेले दोन हंगाम थकवतात. आणि वाळूवरच्या गाडीवर महसूलचा दंड किंवा केस निघू शकते, तहसीलला आणि पोलिस स्टेशनला चौकशी केल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

गाडीखाली झोपल्याशिवाय पैसे देऊ नका

२०१७ ला मी २०११ मॉडेलची दहा टायर घेतली होती. रंग नवा, केबिनमध्ये नव्या गाद्या, इंजिन पहिल्याच फटक्यात चालू. दोन महिने बरी चालली. तिसऱ्या महिन्यात होटगीहून सिमेंट भरून लातूरला निघालो, तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या वळणावर मागून मोठा आवाज आला आणि हौदा एका बाजूला बसला. उतरून बघतो तर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगच्या वर चिरलेली. आधी कुणीतरी आतून पट्टी मारून वेल्डिंग केलेलं होतं आणि त्यावर ग्रीस आणि काळा रंग फासलेला. माल दुसऱ्या गाडीत पलटी करायचे पैसे, क्रेनचे पैसे, चासीचं काम, गाडी अकरा दिवस उभी, आणि त्यातच हप्त्याची तारीख. घाटात त्या रात्री मागून येणारी गाडी वेळेवर थांबली म्हणून माणसं वाचली, ते अजून आठवतं.

त्यामुळं मावसभावाची गाडी बघायला मी आमच्या मिस्त्री चाचांना घेऊन गेलो. चाचा पासष्टीचे, पण आल्या आल्या पोतं अंथरून गाडीखाली गेले. एका हातात बॅटरी, एका हातात छोटी हातोडी. चासीच्या पट्टीवर वीतभर अंतरानं मारत गेले, टण्ण, टण्ण, टण्ण, आणि एका ठिकाणी आवाज भद्द आला. तिथलं ग्रीस त्यांनी चिंधीनं पुसलं, नखानं रंग खरवडला, खाली वेल्डिंगची शिवण. बाहेर येऊन विकणाऱ्याला काही बोलले नाहीत, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालक, ही नको. चला." ती तिसरी गाडी होती. पाचवी पास झाली.

चाचा जे बघतात ते सांगतो. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी जायचं, इंजिनवर हात ठेवायचा, गरम असेल तर विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत या. गार इंजिन चालू करून ऑइल भरायचं झाकण उघडायचं, तिथून धूर भकाभका येत असेल आणि झाकण वर उडत असेल तर इंजिन आतला धूर मागं मारतंय, हाफ इंजिनचं, म्हणजे पिस्टन-रिंगांचं, काम जवळ आलंय. डिपस्टिकवर ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी मिसळतंय. रेडिएटरमध्ये बुडबुडे बघायचे. मग गाडी भरलेली चालवून बघायची, रिकामी नव्हे, रिकाम्या गाडीत क्लच, गिअर आणि हाऊसिंगचा आवाज कळत नाही. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवायचं, किंगपिन, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती पिन, आणि बेअरिंगचा खेळ तिथं कळतो. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजायचे, मूळ किती आणि आत्ता किती, जास्तीचे पाटे घातले असतील तर गाडी ओव्हरलोडवर चाललीय.

टायर शेवटी, पण नीट. दहाच्या दहा टायरवर हात फिरवायचा, रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवलेले, किती, ओरिजनल किती. एक टायर वीस हजाराच्या घरात धरला तर दहा टायर दोन लाख, गाडीच्या भावात हे आधीच कापून घ्यायचं.

कागदांचं काम मिस्त्रीच्या आधी करा खरं तर, कारण त्याला पैसे लागत नाहीत. गाडी नंबर परिवहनच्या ॲपवर टाकला की मालक, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, टॅक्स, कुणाचा बोजा आहे ते दिसतं. ई-चलन वेगळं बघा, लांब पल्ल्याच्या गाडीवर चार राज्यांतली चलनं निघतात. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असेल तर त्यांची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि बोजा उतरवायचा सही केलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत, "कर्ज फिटलंय, एनओसी येतेय" यावर विश्वास नाही. चासी नंबर कागदावर पेन्सिलनं घासून आरसीशी जुळवा. बाहेरच्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इकडचा टॅक्स धरून मगच भाव बोला.

ओढून आणलेली, यार्डातली गाडी स्वस्त मिळते पण ती आहे तशी, आहे तिथं विकतात, भरलेली चालवून बघायला मिळत नाही. मूळ मालक सही द्यायला येत नाही म्हणून फायनान्सवाल्याला फॉर्म ३६ भरून आरसी आधी स्वतःच्या नावावर घ्यावी लागते, ते झालंय का हे विचारा. न झालेली गाडी घेऊन वर्षभर आरटीओच्या खेपा घालणारी माणसं माझ्या माहितीत आहेत. पहिली गाडी घेणाऱ्यानं यार्डाच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

गाडी घेतल्यावरचे पहिले ३० दिवस

पैसे देताना सगळे संपवून टाकू नका. जुन्या गाडीला किमतीच्या दहा टक्के तरी हातात ठेवा, १५ लाखाच्या गाडीला दीड लाख, पहिल्या दोन महिन्यांत ते लागतातच. नव्या गाडीला तीन हप्ते बाजूला.

मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी भरून घ्या. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, इन्शुरन्स नावावर करायलाही १४ दिवसच. "नंतर करू, परिचयातलाच आहे" असं म्हणत दोन दोन वर्षं गाड्या जुन्या नावावर चालतात. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मग गाडी प्रत्यक्षात कुणाकडंही असो. तुम्ही जुनी विकून नवी घेणार असाल तर हा नियम विकणारा म्हणून तुम्हाला जास्त लागू आहे. फास्टॅगही जुन्या मालकाचा बंद करून आपला काढा.

मावसभावानं शेवटी २०२० च्या डिसेंबरची बीएस-६ दहा टायर घेतली, एमएच-१३ चीच, एका मालकाची, पुणे-हैदराबाद लाइनवर चाललेली. सहा लाखांतले साडेचार भरले, दीड ठेवले. वहीत ५,४०० किलोमीटर होते, नव्या गाडीला लागणारे सात हजार नव्हते, त्यामुळं यावर घरात फार वाद झाला नाही. घेतल्यावर चाचांनी ऑइल, सगळे फिल्टर आणि पुढच्या चाकांचं ग्रीस बदललं आणि बजावून सांगितलं की पहिल्या ट्रिपला शे-दीडशे किलोमीटरवर गाडी थांबवून यू-बोल्ट, म्हणजे पाटे ॲक्सलला बांधणारे बोल्ट, आणि चाकांचे नट परत आवळायचे, नवीन मालकाची गाडी आहे, आधी कुणी कसे आवळलेत काय माहीत. हैदराबादला चादरी भरून निघाला, उमरगा सोडल्यावर एका ढाब्यावर गाडी लावली आणि पाना घेऊन खाली बसला. रात्री फोन केला, दादा, डाव्या मागच्या यू-बोल्टचे दोन नट अर्धा अर्धा आटा फिरले.